बस्ता आणि नवलभाऊंचा कायदा

अमळनेरच्या बाजारात नवलभाऊ शिरले की एका दुकानातून पुढच्या दुकानात निरोप जायचा. तो तिसऱ्या दुकानापर्यंत पोहोचेस्तोवर तिथला मालक जेवायला घरी गेलेला असायचा, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. माणूस भांडकुदळ नव्हता. शिव्या द्यायचा नाही, फुकट काही मागायचा नाही. तो फक्त कायदा सांगायचा. आणि असा सांगायचा, की आपण गेली वीस वर्षं दुकान चालवतोय की दरोडे घालतोय, अशी दुकानदाराला स्वतःबद्दलच शंका यायची.

खरं सांगायचं तर नवलभाऊंनी जन्मात कोर्टाची पायरी चढलेली नव्हती आणि कायद्याचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. सरकारी नोकरीत ते पेटी उचलायला होते. वजनमापं तपासणारे साहेब बाजारात निघाले की पितळी वजनांची पेटी घेऊन त्यांच्यामागे चालायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी ती पेटी वाहिली. साहेब येत होते, जात होते, पेटी तीच होती. साहेब तराजूत वजन टाकायचे, दुकानदाराला घाम फुटायचा, आणि तो घाम आपल्याला पाहून फुटला असं मागे उभे असलेले नवलभाऊ मनात धरून चालायचे. एकतीस वर्षं असं धरून चाललं की माणूस कामातून जातो.

एवढ्या वर्षांत एक नियम मात्र त्यांच्या डोक्यात पक्का बसला. मिठाई तोलताना खोक्याचं वजन मिठाईत धरायचं नाही. हा नियम खरा आहे आणि चांगलाही आहे. नवलभाऊ तेवढ्यावर थांबले असते तर त्यांचं नाव आज आदराने घेतलं गेलं असतं. पण निवृत्तीनंतर हातात वेळ भरपूर आणि पेटी नाही, त्यामुळे त्यांनी हा खोका सगळ्या बाजारभर फिरवला. हिवाळ्यात भरताची वांगी घ्यायला गेले की म्हणायचे, "देठ वजा करा. देठ हे वेष्टन आहे." केळी घेताना दांड्याचे पैसे कापायचे. चपलांच्या दुकानात खोकं, पिशवी आणि चपलेत कोंबलेला कागद वजा. न्हाव्याकडेसुद्धा एकदा टक्कल वजा करून दाढी-कटिंगचे पैसे द्यायला निघाले होते. प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच वाक्य यायचं, "कलम सत्तावीस ब." हे कलम त्यांना कुठून मिळालं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात सामानाच्या नोंदीचा नंबर टाकलेला होता, २७ ब. तो रोज डोळ्यांसमोर असायचा, एवढंच.

दुकानदार ऐकायचे का, तर ऐकायचे. दुकानात पाच गिऱ्हाइकं ताटकळत असताना दहा रुपयांसाठी सत्तावीस ब कोण ऐकत बसणार? घ्या बाबा, म्हणायचे. आणि प्रत्येक "घ्या बाबा" बरोबर नवलभाऊंचा कायदा एकेक बोट वाढायचा. फक्त त्यांची बायको कोकिळाबाई स्वतःची खरेदी त्यांच्या दुपारच्या झोपेत उरकून यायची. तिला कुणी कारण विचारलं तर ती म्हणायची, "मला घरी लवकर यायचं असतं."

पण त्यांचं खरं नाव झालं ते बस्त्यात.

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी. आमच्याकडे ते दोघातिघांचं काम नाही. मुलाकडची आणि मुलीकडची मिळून तीस-चाळीस माणसं गाड्या करून एका दुकानात उतरतात, चपला दाराशी सोडून गाद्यांवर मांड्या ठोकतात, दुकानदाराच्या खर्चाने चहा पितात, जेवतात, आणि संध्याकाळपर्यंत साड्यांचे डोंगर उपसतात. आत्याला आवडलेली साडी मावशीला आवडत नाही, मावशीला आवडलेली नवरीला आवडत नाही, आणि नवरदेवाला कुणी विचारत नाही. शेवटी बेरीज झाली की प्रत्येक बाजूचा एक वडीलधारा पुढे सरकतो आणि भाव तोडायला बसतो. पूर्वी या कामाला गावातला तोंडाळ माणूस नेत. नवलभाऊंची ख्याती झाल्यापासून अमळनेर-पारोळ्याकडचे लोक तोंडाळ माणसाला घरी ठेवून त्यांना नेऊ लागले. ओळखीच्यांनी नेलं, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनी. पत्रिकेआधी नवलभाऊंची तारीख घ्यावी लागे. बारा वर्षांत नव्वद बस्ते त्यांनी तोडले. कुणी विचारलं तर ते छाती काढून सांगायचे, "मी समाजाचे लाखो रुपये वाचवले." एक रुपयाही मोबदला घेतला नाही, हे खरं आहे. जेवण तेवढं दोन वेळा घ्यायचे.

एक्क्याण्णवावा बस्ता घरचा होता.

नवलभाऊंना एकच बहीण, भिकुबाई. त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. यावलकडे दिलेली, नवरा लवकर गेला, तेव्हापासून केळीच्या बागांत रोजाने जाऊन तिने मुलीला, रत्नाला वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. रत्ना आता यावलला खताच्या दुकानात बिलं बनवायची. तिचं लग्न पिंपळनेरच्या मुलाशी ठरलं. नवरीचा बस्ता मुलाकडचे करणार होते, पण भिकुबाईने एक गोष्ट नवलभाऊंकरवी सगळ्यांना आधीच कळवून टाकली होती. हळदीची साडी तिची. त्या साडीसाठी तिने बाजूला काढलेले सहा हजार रुपये होते आणि त्यात दुसऱ्या कुणाचा एक रुपया मिसळलेला तिला चालणार नव्हता.

नवलभाऊंनी तिला पैसे देऊन पाहिले. तिने हात मागे घेतला.

"दादा, लोकेस्ले तू फुकट कायदा देस, माले बी तोच दे," ती म्हणाली. "पैसा नको."

हे ऐकून नवलभाऊंचा ऊर भरून आला. बहिणीच्या वाईट दिवसांत आपण काही केलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पेटी वाहणाऱ्याचा पगार तेव्हा त्यांच्याच घराला पुरत नव्हता, आणि पुरत होता तेव्हाही त्यांनी फारसं काही केलं नव्हतं. आता तिला देता येईल अशी एकच वस्तू त्यांच्याजवळ होती आणि ती तिने स्वतः मागितली होती. सहा हजारांत भाचीच्या मनातली साडी आणायचीच, असं त्यांनी ठरवलं.

मनातली साडी कोणती हेही पक्कं होतं. बस्त्याच्या चार दिवस आधी रत्ना मैत्रिणीबरोबर अमळनेरला येऊन नासीरशेठच्या दुकानात हिंडून गेली होती. पिवळी धमक साडी, मोरपंखी काठ. चिठ्ठीवर सहा हजार दोनशे. रत्नाने चिठ्ठीसकट फोटो काढून मामाला दाखवला. नवलभाऊ हसले. दोनशे रुपये म्हणजे काय, साडीच्या आतला पुठ्ठा आणि टाचण्या वजा केल्या तरी सुटतील, म्हणाले.

माघातल्या गुरुवारी दोन्हीकडची माणसं नासीरशेठच्या दुकानात उतरली. नासीरशेठ मऊ स्वभावाचे, बोलताना निम्मं वाक्य गिळणारे. दुकान खरं चालवायची त्यांची बायको सलीमा. गल्ल्यावर बसून ती बिलं पाहायची, आणि साड्यांच्या चिठ्ठ्यांवरचे भावही तिच्याच टपोऱ्या अक्षरात असायचे. नवलभाऊंना पाहून नासीरशेठ उठून उभे राहिले. "या, नवलभाऊ, या." नवलभाऊंनी पांढऱ्या शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन सरळ केलं आणि गादीच्या मधोमध बसले.

तेवढ्यात समोरच्या गादीच्या मधोमध आणखी एक पांढरा शर्ट येऊन बसला. त्यालाही पेन होतं.

हे प्रेमराजभाऊ, नवरदेवाचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान. एसटीत कंडक्टर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पिंपळनेर-साक्री भागात लोक बस्त्याला यांना नेतात, ही गोष्ट नवलभाऊंना माहीत नव्हती, आणि त्यांची ख्याती पिंपळनेरला पोहोचलेली नव्हती. मुलाकडच्यांनी आपला कायदा आणला होता, मुलीकडच्यांनी आपला. दोन्ही कायदे एका दुकानात समोरासमोर बसले आणि मधे चहाचे कप आले.

पहिली चकमक पोरांच्या कपड्यांवरून उडाली. मुलाकडच्या सहा लहान पोरांना कपडे घ्यायचे होते. प्रेमराजभाऊंनी भाव ऐकला आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, बारा वरीसना आतला पोरे शेत. आर्धा भाव लागस."

"अर्धा?" नासीरशेठ म्हणाले.

"सरकारी नियम शे. बारानंतर पुरा, बाराना आत आर्धा. पोऱ्याना दाखला दाखाडू का?"

हा नियम नवलभाऊंनी कधी ऐकला नव्हता. एकतीस वर्षांत एकाही साहेबाने अर्ध्या भावाचं नाव काढलं नव्हतं. म्हणजे समोरचा माणूस आपल्याहून जास्त शिकलेला दिसतोय. त्यांनी घसा साफ केला आणि आपलं शस्त्र काढलं. "आणि शेठ, शर्टाच्या आतला पुठ्ठा, कॉलरची पट्टी, सहा टाचण्या. हे वेष्टन आहे. कलम सत्तावीस ब प्रमाणे वजा करा."

आता प्रेमराजभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी उभ्या आयुष्यात टाचण्यांचा विचार केलेला नव्हता. दोघंही एकमेकांकडे वाकून नमस्कार केल्यासारखं हसले. दोघांनाही मनातून दुसऱ्याचं खरं वाटत होतं, आणि आपलं पितळ हाच उघडं पाडणार अशी भीती दोघांनाही होती. अशा वेळी माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. ते एक झाले.

मग जे झालं ते पाहायला शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा दाराशी उभी राहिली. प्रेमराजभाऊ म्हणाले, चाळीस माणसं एकदम आली म्हणजे ही रिझर्व गाडी झाली, तिला वेगळा दर. नवलभाऊ म्हणाले, रिझर्वचा दर आणि वर काठाची जर वेगळी तोलून वजा. प्रेमराजभाऊ म्हणाले, सुटे पैसे ठेवणं दुकानदाराला बंधनकारक. नवलभाऊ म्हणाले, आणि ते सुटे मोजून घेताना गिऱ्हाइकाचा जो वेळ जातो तोही वजा. नासीरशेठ एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत होते. सलीमा गल्ल्यावर बसून हनुवटीला हात लावून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरं तर नवलभाऊंनी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. दुकानदार इतक्या शांतपणे लुटला जात असेल तर कुणीतरी दुसराच लुटला जात असतो. पण कायदा अंगात आला की डोळे मिटतात.

मग पिवळी साडी आली.

रत्नाने ती उलगडून खांद्यावर टाकली आणि चाळीस माना तिच्याकडे वळल्या. साडी तिच्यासाठीच विणल्यासारखी दिसत होती. भिकुबाई जागची उठली नाही. तिने कमरेचा बटवा काढून मांडीवर ठेवला आणि भावाला हळूच विचारलं, "कितलानी शे?"

नासीरशेठनी चिठ्ठी उलटून वाचली. वाचताना ते नेहमीप्रमाणे निम्मे शब्द गिळत होते, पण आकडा सगळ्यांना ऐकू आला. साडेसात हजार.

भिकुबाईचा हात बटव्यावर जिथे होता तिथेच राहिला. रत्ना मामाजवळ सरकली, फोनमधला फोटो काढला आणि त्यांच्या कानात म्हणाली, "मामा, चार दिवस आधी बासष्टशे होती. बघा ना, हीच साडी. आता तर आपल्याकडे पुरावा आहे."

पुरावा! नव्वद बस्त्यांत नवलभाऊंच्या हाताला कधी पुरावा लागला नव्हता. ते उठून उभेच राहिले. मोबाइल हातात धरून त्यांनी सगळ्या दुकानाला दाखवला. "एकदा लावलेला भाव दुकानदाराला बदलता येत नाही! हा फोटो आहे. सहा हजार दोनशे. यावर साडी देणं तुम्हाला बंधनकारक आहे, शेठ. कलम सत्तावीस ब!"

"नही तं काय!" प्रेमराजभाऊही उठले. "एसटीले भाडं वाढाडनं व्हयनं तं पहिले डेपोमा कागद येस, मंग भाडं वाढस. तुम्ही साडीनं भाडं न सांगता कसं वाढाडं?"

नासीरशेठनी गल्ल्याकडे पाहिलं. "नवलभाऊ, जरा आत... मागच्या खोलीत..."

"जे बोलायचं ते सर्वांसमक्ष बोला!"

"सर्वांसमक्ष नका बोलायला लावू," सलीमा गल्ल्यावरून उठत म्हणाली. "आत या. तुम्ही पण या, प्रेमराजभाऊ."

तिच्या आवाजात असं काही होतं की दोघं मुकाट्याने मागे गेले. मागची खोली म्हणजे कापडाच्या ताग्यांनी भरलेली अंधारी जागा. सलीमाने तिथल्या फळीवरून चिठ्ठ्यांची दोन बंडलं काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"या जुन्या चिठ्ठ्या. या मंगळवारी संध्याकाळी लावल्या, तुमच्या बस्त्याचा फोन आल्यावर," ती म्हणाली. "नवलभाऊ, बस्त्याला तुम्ही येणार असं कळलं की आम्ही सगळ्या मालावर दहा टक्के वर लिहितो. तुम्ही कायदा सांगता, आम्ही दहा टक्के उतरवतो. तुम्ही खूश, आम्ही खूश. आम्हीच नाही, भांडेवाले, मांडववाले, बँडवालेसुद्धा करतात. बारा वर्षं झाली."

नवलभाऊंना वाटलं आपण बरोबर ऐकलं नाही. "दहा टक्के म्हणजे माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी. त्याला आम्ही नवलवाला भाव म्हणतो."

प्रेमराजभाऊ गालात हसू लागले. सलीमा त्यांच्याकडे वळली. "तुमच्याबद्दल पिंपळनेरहून आमच्या जावयाने कळवलं होतं. म्हणून या वेळी दहावर आणखी दहा. सहा हजार दोनशेची साडी साडेसात हजारांवर गेली ती तुम्ही दोघं आलात म्हणून."

प्रेमराजभाऊंचं हसू बंद झालं.

"आणि मी कधी पूर्ण दहा टक्के तोडू शकलो नाही तर?" नवलभाऊंनी विचारलं. "कधी सहाच तुटले, सातच तुटले, असं झालंय."

"मग वरचे आमचे."

नवलभाऊंच्या डोळ्यांपुढून ते बस्ते सरकू लागले. पारोळ्याचा तो शिक्षक, ज्याने हात जोडले होते. ती विधवा, जिने घरी बोलावून पुरणपोळी वाढली होती. त्यांनी तिच्या चार टक्क्यांची पुरणपोळी खाल्ली होती. त्यांना संताप आला आणि तो आधी दुसऱ्यांवर निघाला.

"लाज नाही वाटत? खोटे भाव लिहिता?"

"तुम्ही खोटी कलमं सांगता तेव्हा वाटते का?" सलीमा म्हणाली. "साडीवर कंपनीचा छापील भाव नाही. दुकानाची चिठ्ठी विकेपर्यंत आमच्या हातात असते, वर लिहू, खाली लिहू. असं करता येत नाही हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते दाखवा, आत्ता सगळ्या चिठ्ठ्या फाडते. दाखवता?"

नवलभाऊंच्या खिशात पेनाशिवाय काही नव्हतं.

सलीमाचा आवाज थोडा खाली आला. "हे बघा, तुमची इज्जत जाऊ नये असं मलाही वाटतं. बाहेर चला, दोन कलमं सांगा, मी दहा टक्के उतरवते. सहा हजार सातशे पन्नास. सगळे टाळ्या वाजवतील."

"माझ्या बहिणीकडे सहाच हजार आहेत."

"मग वरचे तुम्ही घाला."

"ती घेत नाही."

सलीमाने चिठ्ठ्यांची बंडलं परत फळीवर ठेवली. मग म्हणाली, "साडी बासष्टशेचीच आहे आणि त्यातही मी कमी करू शकते. पण तुमच्याशी नाही. तुमच्याशी केलं तर संध्याकाळपर्यंत बाजारात होईल की नवलभाऊंनी नासीरला वाकवलं, आणि उद्यापासून प्रत्येक बस्त्यात एकेक कायदेवाला येऊन बसेल. तुम्ही नसाल तर मी मोकळी आहे."

ती पुढे निघून गेली. नवलभाऊ आणि प्रेमराजभाऊ ताग्यांमध्ये उभे राहिले. काय करायचं हे नवलभाऊंना कळलं होतं आणि ते त्यांना करायचं नव्हतं. तब्येत बिघडल्याचं सांगून निघून जाता आलं असतं. तब्येत खरोखर बिघडलीही होती. पण भिकुबाई त्यांच्यामागे धावत आली असती, साडी तिथेच टाकून. बिचारीला भावाशिवाय खरेदी करायची सवय नव्हती. निदान त्यांचा तसा समज होता.

ते बाहेर आले. चाळीस माणसं त्यांच्याकडे पाहत होती. रत्ना तर डोळे मोठे करून उभी होती, मामा आता दुकान हलवणार म्हणून. नवलभाऊंनी तोंड उघडलं आणि त्यातून दफ्तरातली मराठी निघेना. ते बहिणीकडे पाहून घरच्या बोलीत बोलले.

"भिकू, मी शे म्हनीसन भाव चढेल शे. मना कायद्याना पैसा त्यास्नी पहिलेच लाई ठेयेल शेत. बारा वरीस पासून लावतस." त्यांनी खिशाचं पेन काढून मुठीत धरलं. "आनि ते कलम बी मनंच शे. तसं काही नही."

मुलाकडची एक आत्या फिस्सकन हसली आणि तिच्या सुनेने तिला कोपर मारलं. नवलभाऊंना भयंकर लाज वाटली. गादीने गिळावं असं वाटलं. भिकुबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग साडीवरच्या चिठ्ठीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. ती विचार करत होती. तिने त्यांची समजूत काढली नाही की टोमणा मारला नाही.

"मंग तू बाहेर बठ ना, दादा," ती म्हणाली.

नवलभाऊ बाहेर जाऊन दाराशी पायरीवर बसले, चाळीस जोड चपलांच्या मधे. मिनिटभरात प्रेमराजभाऊही आले. त्यांना त्यांच्या बायकोने काढलं होतं. दोघं शेजारी बसले. समोरून रिक्षा जात होत्या, उसाच्या रसाचा गाडा घुंगरं वाजवत होता.

"नवलभाऊ," प्रेमराजभाऊंनी हळूच विचारलं, "तो सत्तावीस ब खरंच नही का?"

"नही."

"माले तं भलता धाक पडेल व्हता त्याना." ते जरा ताठ बसले. "मनं आर्धं तिकीट मातर खरं शे."

"एसटीमा."

"हा, एसटीमा," प्रेमराजभाऊंनी कबूल केलं.

काचेच्या दारातून आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. भिकुबाई साडी मांडीवर घेऊन बसली होती. सलीमा गल्ला सोडून तिच्यासमोर गादीवर येऊन बसली होती. दोघी बोलत होत्या. नवलभाऊ बहिणीच्या तोंडाकडे पाहत राहिले. नवरा गेल्यावर चार माणसांत ती बोलायची नाही, जे काही बोलायचं ते दादाच्या कानात सांगायची आणि दादा मोठ्याने बोलायचा. आज ती सरळ बोलत होती, हात हलवून. मधेच तिने काठ उलटून पाहिला आणि काहीतरी म्हणाली. सलीमा हसली. भिकुबाईही हसली. एवढं दात दाखवून हसताना त्यांनी तिला फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग बटव्याची नाडी सुटली, नोटा मोजून गल्ल्यावर गेल्या, आणि रत्नाने साडी छातीशी धरली.

थोड्या वेळाने दार उघडून भिकुबाई पायरीवर आली. तिच्या हातात पिशवी होती.

"कितलाले दिनी?" नवलभाऊंनी विचारलं.

"अठ्ठावनशेले."

नवलभाऊंनी मनात आकडा फिरवून पाहिला. बासष्टशेच्या साडीवर चारशे कमी, आणि तेही टाचणीचं नाव न काढता. "काय सांगं तू तिले?"

"काय सांगू? खरं ते सांगं. मनाकडे सहा हजार शेत, त्यामातून दोनशे माले यावलना गाडीभाडाले ठेवना शेत. पोरनी साडी मना पैसानीच लेवानी शे. ती म्हने, मंग अठ्ठावनशे दे." भिकुबाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिनी बी मायनी तिनी हळदनी साडी अशीच लियेल व्हती म्हने."

"आनि हाई तू पहिले काबर नही बोलनी? मी मझार व्हतू तवय?" आपण आत असताना ती हे का बोलली नाही, ते नवलभाऊंना कळेना.

भिकुबाईने त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं. रागाने नाही, खरोखरच आश्चर्याने.

"तू मझार ऱ्हाता तं मी कव्हय बोलती, दादा?"

आतून कुणीतरी जेवायला हाक मारली. भिकुबाईने "चाल, पानं मांडेल शेत" म्हटलं आणि ती रत्नाला पिशवी द्यायला लगबगीने आत गेली. नवलभाऊंना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आलेलं प्रेमराजभाऊंना दिसू नये म्हणून ते दाराशी पसरलेल्या चपला जोडीने लावायला खाली वाकले.